जाळी, कात्री आणि चिमण्या : मेपलवरील जाळेकरी किडींचा इतिहास

शोभेसाठी लावलेल्या झाडावर पडणाऱ्या किडीचा इतिहास शेतातील किडीच्या इतिहासाहून वेगळ्या स्वभावाचा असतो, कारण शेतात किडीचे मोजमाप हातून गेलेल्या धान्यावरून होते, तर रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडावर ते केवळ डोळ्यांनी होते. मेपल या पानझडी वृक्षाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. पानाच्या आकारासाठी आणि शरद ऋतूतील रंगासाठी लावलेल्या या झाडाच्या फांदीवर मळकट पांढरे जाळे लोंबू लागले, आत कोरडी पाने, विष्ठेचे कण आणि वळवळणारे सुरवंट दिसू लागले, की झाडाला खरोखर किती इजा झाली आहे हा प्रश्न मागे पडतो आणि ते जाळे आधी काढा, अशी मागणी सुरू होते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत या मागणीपोटी जे उपाय झाले त्यांपैकी बऱ्याच उपायांनी पुढच्या किडीला वाट करून दिली, आणि जो उपाय सर्वांत जुना व सर्वांत साधा होता तो मात्र प्रत्येक नव्या उपायाबरोबर पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

या इतिहासातील पहिली अडचण ओळखीची आहे. झाडावर जाळे विणणारे जीव एका जातीचे नाहीत, इतकेच काय, एका वर्गाचेही नाहीत. उत्तर अमेरिकेत वसंत ऋतूत, पालवी फुटत असताना, दोन फांद्यांच्या बेचक्यात घट्ट तंबूसारखे जाळे दिसते ते पूर्वेकडील तंबू-सुरवंटाचे. हे सुरवंट तंबूत राहतात पण चरायला बाहेर जातात, आणि त्यांचा ओढा मेपलपेक्षा चेरी व सफरचंदाकडे असतो. उन्हाळा उतरताना फांदीच्या टोकाला, पाने आत घेत घेत वाढत जाणारे सैल जाळे असते ते दुसऱ्याच सुरवंटाचे. त्याला इंग्रजी नावावरून ‘शरदातील जाळेकरी अळी’ म्हणता येईल, आणि तो जवळजवळ शेवटच्या अवस्थेपर्यंत जाळ्याच्या आतच खातो. ‘मेपल-जाळेकरी’ असे थेट नाव मिळालेली तिसरी एक अळी आहे. ती बहुधा दुसऱ्या अळ्यांनी आधीच गुंडाळलेल्या पानांत बिऱ्हाड करते, म्हणजे नावाने ती मालक असली तरी वागण्याने भाडेकरू आहे. चौथा जीव कीटकच नव्हे: आठ पायांचा, टाचणीच्या टोकाहून लहान असा कोळीवर्गातील रसशोषक, ज्याला महाराष्ट्रातील शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणून ओळखतो, तो पानाच्या खालच्या अंगाला धुरकट तलम जाळी धरतो आणि पान ठिपक्याठिपक्यांनी फिके पाडतो. या चौघांवरचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत, तरीही लोकांच्या तोंडी ‘झाडावर जाळी पडली’ एवढेच वाक्य असते. पुढे घडलेल्या बऱ्याच चुका या एका वाक्यातून निघालेल्या आहेत.

जाळे पाहून समाज कसा बिथरतो याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण मेपलच्या आधीचे आणि युरोपातील आहे. १७८२ साली लंडनच्या परिसरात तपकिरी शेपटीच्या पतंगाची जाळी झाडांवर आणि कुंपणांवर इतकी दाटली की हे अरिष्ट ईश्वरी कोपाचे मानून चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, आणि परगण्यांनी गोरगरिबांना एका बुशेलला, म्हणजे धान्य मोजायच्या सुमारे छत्तीस लिटरांच्या मापाला, एक शिलिंग देऊन जाळी कापून आणण्याच्या कामाला लावले. क्लॅपहम भागात एका दिवसात ऐंशी बुशेल जाळी जमा झाली आणि चर्चच्या कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली ती जाळण्यात आली. विल्यम कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच वर्षी या पतंगावर एक पुस्तिका लिहून लोकांची भीती अवास्तव असल्याचे सांगितले. हा जीव नवा नाही, तो दरवर्षी थोडाफार असतोच, असा त्याचा युक्तिवाद होता. फ्रान्समध्ये मात्र हीच गोष्ट समजुतीवर न सोडता कायद्यात बसवली गेली. क्रांतीच्या दिनदर्शिकेतील चौथ्या वर्षाच्या व्हाँतोज महिन्याच्या सव्वीस तारखेला, म्हणजे १६ मार्च १७९६ रोजी, झालेल्या कायद्याने प्रत्येक मालकाला किंवा कुळाला आपल्या झाडांवरील सुरवंटांची जाळी कापून जाळणे सक्तीचे झाले, आणि न केल्यास दंड ठेवला गेला. कापा आणि जाळा, या दोन शब्दांत सामावणारा हा उपाय पुढील सर्व रसायनांच्या आधीचा आहे.

शरदातील जाळेकरी अळीची शास्त्रीय ओळखही याच शतकात झाली, पण ती बागेत नव्हे तर संग्राहकाच्या पेटीत. लंडनमधील ड्रू ड्रूरी हा पेशाने चांदीकाम करणारा व्यापारी होता आणि जगभरच्या खलाशांकडून व प्रवाशांकडून कीटक मिळवण्याचा त्याला नाद होता. त्याने १७७३ मध्ये या पांढऱ्या पतंगाचे वर्णन करून त्याला ‘क्युनिया’ हे जातिनाम दिले. ‘हायफँट्रिया’ हे प्रजातीचे नाव १८४१ मध्ये थॅडियस विल्यम हॅरिस यांनी दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ विणकरीण असा होतो. हॅरिस हार्वर्ड विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी त्यांनी लिहिलेला उपद्रवी कीटकांवरील अहवाल त्या देशातील या विषयाच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो. या पतंगाचे काही नमुने पूर्ण पांढरे, तर काही काळ्या ठिपक्यांचे असतात, आणि सुरवंटांतही काळ्या डोक्याचे व लाल डोक्याचे असे दोन प्रकार आढळतात; त्यामुळे एकोणिसाव्या शतकात एकाच जिवाला अनेक नावे मिळत गेली आणि ती निस्तरण्यात अभ्यासकांचा बराच काळ गेला.

किडीचा प्रश्न ग्रंथांतून रस्त्यावर आला तो वॉशिंग्टन शहरात. १८७० च्या दशकात शहराचे कारभारी अलेक्झांडर शेपर्ड यांच्या कारकिर्दीत अमेरिकेच्या या राजधानीचा कायापालट झाला आणि रस्त्यांच्या कडेने सुमारे ६०,००० झाडे लावण्यात आली. हे काम ज्या मंडळाकडे होते त्याचे नाव ‘पार्किंग कमिशन’ असे होते. आज हा शब्द मोटारींसाठी राखून ठेवल्यासारखा झाला असला तरी तेव्हा त्याचा अर्थ रस्त्याकडेची हिरवळीची व झाडांची पट्टी असा होता. झटपट वाढणारे आणि स्वस्तात मिळणारे झाड म्हणून रुपेरी मेपलला, म्हणजे पानाची खालची बाजू चंदेरी असलेल्या मेपलला, या लागवडीत मोठा वाटा मिळाला. एकाच वयाची, मोजक्याच जातींची आणि एकमेकांना खेटून उभी असलेली हजारो झाडे म्हणजे पानखाऊ सुरवंटांसाठी मांडून ठेवलेली पंगत होती, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात व शरदात ती पंगत उठली. त्या वर्षी जाळेकरी अळीच्या दुसऱ्या पिढीने शहरातील अनेक झाडे उघडीबोडकी केली.

त्या वेळी अमेरिकी कृषी विभागाचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली होते. लंडनमध्ये जन्मलेल्या रायलींचे नाव मुख्यतः युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त करणाऱ्या फायलोक्सेरा या किडीवरील कामासाठी घेतले जाते, पण १८८७ मध्ये विभागाने प्रसिद्ध केलेली त्यांची सावलीच्या झाडांवरील पत्रिका हीही त्यांच्या नेमक्या निरीक्षणाची साक्ष आहे. राजधानीच्या झाडांना छळणाऱ्या चार किडींचा, म्हणजे एल्मवरील भुंगेरा, पिशवीतील अळी, झुपकेदार केसांचा टसॉक सुरवंट आणि जाळेकरी अळी यांचा, तीत विचार आहे. कोणते झाड किती खाल्ले गेले याची प्रतवारी त्यांनी लावली, आणि तीत सर्वाधिक बळी पडलेल्या झाडांत पॉप्लरबरोबर बॉक्स एल्डर होता. नावात ‘एल्डर’ असले तरी हा मेपलच आहे. त्याचे पान मात्र अखंड पंजासारखे नसून पर्णिकांत विभागलेले असते, त्यामुळे सामान्य माणूस त्याला मेपल म्हणून ओळखत नाही. किडीला मात्र तो अचूक ओळखू येतो, आणि पुढे ही कीड परदेशी गेली तेव्हाही बॉक्स एल्डर आणि तुती ही तिची आवडती झाडे राहिली.

जाळे लहान असतानाच फांदीचे टोक कापून नष्ट करणे आणि उंच झाडांवर पंपाने विषाची फवारणी करणे, हे त्या काळचे दोन मार्ग. पत्रिकेच्या पार्श्वभूमीला चिमण्यांचा एक वादही आहे, आणि तो इतिहासकाराने वगळू नये इतका बोलका आहे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये १८५० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधून घरचिमण्या आणून सोडण्यात आल्या, मुख्यतः त्यांनी झाडांवरच्या सुरवंटांचा समाचार घ्यावा या अपेक्षेने. चिमण्यांनी काम केले, पण अर्धेच. बिनकेसांच्या मोजपट्टी अळ्या त्यांनी वेचल्या, केसाळ सुरवंटांना त्या शिवल्या नाहीत. त्यामुळे स्पर्धक गेल्यावर टसॉक सुरवंट माजले, आणि केसाळ सुरवंट खाणारे स्थानिक पक्षी चिमण्यांच्या दंडेलीने मागे हटले, असा आक्षेप घेणाऱ्यांत रायलीही होते. चिमणीच्या बाजूने आणि विरोधात अमेरिकी पक्षितज्ज्ञांत जी लेखणीची लढाई झाली तिला ‘चिमण्यांचे युद्ध’ असेच नाव पडले. महाराष्ट्रात ज्या पाखराच्या घटत्या संख्येबद्दल आज हळहळ व्यक्त होते, तेच पाखरू तिकडे सुरवंटांचा वैद्य म्हणून गेले आणि उपद्रवी ठरले.

विषांची कहाणी थोडक्यात सांगता येते, कारण तिची दिशा सरळ आहे. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी १८६० च्या दशकात वापरात आलेले पॅरिस ग्रीन, म्हणजे तांबे व आर्सेनिकयुक्त हिरवा रंग, झाडांवरही फवारले जाऊ लागले. ते पाने जाळते म्हणून १८९० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समध्ये, जिप्सी पतंग या दुसऱ्या एका परदेशी पतंगाविरुद्धच्या मोहिमेत, शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग पुढे आले. ते पानांना सोसवत असे आणि पावसाने चटकन धुऊन जात नसे, हाच त्याचा गुण मानला गेला; तोच पुढे दोष ठरला, कारण जे धुऊन जात नाही ते मातीत साठत राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा डीडीटीने घेतली. डीडीटीने सुरवंट मरत, पण त्याबरोबर लाल कोळी खाणारे भक्षक जीवही मरत आणि कोळी मात्र तगून राहत. परिणामी फळबागांत व शोभेच्या झाडांवर कोळ्यांच्या तलम जाळीचा उपद्रव अनेक ठिकाणी वाढला. मोठे जाळे घालवताना बारीक जाळे ओढवून घेण्याचा हा प्रकार होता. डीडीटीवर अमेरिकेत १९७२ मध्ये बंदी आली आणि शिसे-आर्सेनिकावर १९८८ मध्ये.

दरम्यान जाळेकरी अळीने महासागर ओलांडला होता. १९४० मध्ये बुडापेस्टजवळच्या चेपेल येथे, डॅन्यूब नदीवरील बंदराच्या परिसरात, ती युरोपात प्रथम आढळली. मालाच्या खोक्यांबरोबर तिचे कोष आले असावेत असे मानले जाते, कारण कोषातील प्रावस्था सालीच्या फटीत किंवा लाकडी पेटीच्या सांध्यात हिवाळाभर निमूट पडून राहू शकते. युद्धाच्या धामधुमीत तिच्याकडे पुरेसे लक्ष जाण्याआधीच ती हंगेरीभर पसरली, आणि दहा-बारा वर्षांत शेजारच्या देशांत पोचली. १९४५ मध्ये ती टोकियोत दिसली. अमेरिकी सैन्याच्या सामानाबरोबर ती आली अशी समजूत आहे. हंगेरियन आणि जपानी या दोन्ही भाषांत तिचे नाव ‘अमेरिकन’ या विशेषणाने सुरू होते. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळून लगेच महाराष्ट्राच्या मक्यावर आलेल्या अळीला मराठीत ‘अमेरिकन लष्करी अळी’ म्हणू लागले, त्यातही नामकरणाची हीच रीत दिसते. पाहुण्याला गावाच्या नावाने ओळखले जाते, मग त्याची खोड त्या गावात कोणी पाहिलेली असो वा नसो.

जपानमध्ये या किडीचे आगमन ज्या संस्कृतीत झाले तिच्यात मेपल हे केवळ सावलीचे झाड नव्हते. तेथील बारीक बोटांच्या पानाच्या मेपलला बेडकाच्या पंजाची उपमा देऊन त्याचे ‘काएदे’ हे नाव घडले आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथील सोमेई गावच्या इतो इहेई या माळ्यांच्या घराण्यातील ग्रंथात १७१० साली छत्तीस प्रकारच्या मेपलची नोंद झाली, आणि १७८४ मध्ये स्वीडनच्या कार्ल पीटर थुनबर्ग यांनी या झाडाला शास्त्रीय नाव दिल्यावर पुढील शतकात ते पश्चिमेच्या बागांत गेले. तथापि नव्या किडीचा मुख्य मार रेशीमकिड्यांसाठी लावलेल्या तुतीवर, रस्त्याकडेच्या प्लेन वृक्षांवर आणि चेरीवर पडला. जपानी अभ्यासकांनी मग जे केले ते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाचे काम म्हटले पाहिजे. फवारणीचे आकडे मोजण्याऐवजी इतो योशिआकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यापासून पतंगापर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती जीव मरतात आणि कशाने मरतात याचे आयुष्यतक्ते मांडले. लहान सुरवंट जाळ्याच्या आडोशाला बरेचसे वाचतात; जाळे सोडून एकेकटे फिरू लागल्यावर मात्र पक्षी आणि गांधीलमाश्या त्यांना मोठ्या प्रमाणावर टिपतात, असे त्यांत दिसले. शहराच्या रस्त्यांवर माजणारी ही कीड जवळच्या जंगलात पाय का रोवू शकत नाही, याचे उत्तर त्यातूनच मिळाले: जंगलात तिचे शत्रू भरपूर आहेत आणि शहरातील झाडांवर थोडे. याच काळात आणखी एक बदल नोंदला गेला. आरंभी वर्षाला दोन पिढ्या काढणारी ही अळी काही दशकांत जपानच्या नैर्ऋत्य भागांत तीन पिढ्या काढू लागली. दिवस किती लहान झाला म्हणजे कोषात झोपायचे, हे तिचे उपजत गणितच बदलले होते. हिदाका तोशिताका यांनी संपादित केलेला या किडीवरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नव्या भूमीत जीव कसा बदलतो याच्या चर्चेत त्याचा उल्लेख येत राहिला.

विषाला पर्याय म्हणून जे जीवाणू-औषध आज जाळेकरी सुरवंटांवर वापरले जाते त्याचा शोधही जपानमधला, आणि तोही रेशमाच्या धंद्यातला आहे. १९०१ मध्ये इशिवाता शिगेताने यांना रेशीमकिडे अचानक लुळे पडून मरण्याच्या रोगामागे एक जीवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जीवाणू पिठाच्या पतंगाच्या अळीत आढळला, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नाव ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ पडले. त्याचे संक्षिप्त रूप ‘बीटी’ मराठी शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही, कारण २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कापसात याच जीवाणूचे जनुक आहे. फरक इतकाच की कापसात विष रोपाच्या आतच तयार होते, तर मेपलवर जीवाणू पानावर फवारावा लागतो आणि सुरवंटाने तो खावा लागतो. म्हणूनच वेळ महत्त्वाची ठरते: सुरवंट लहान असताना, आणि जाळे अजून ज्या पानांवर चढायचे आहे त्या पानांवर फवारा पडला तर तो लागू पडतो, जाळे मोठे झाल्यावर बाहेरून केलेली फवारणी रेशमी पडद्यावरून ओघळून जाते.

कीटकाने कीटक आवरण्याचा मार्गही निर्दोष नव्हता. जिप्सी पतंग आणि तपकिरी शेपटीचा पतंग यांच्यासाठी १९०६ पासून अमेरिकेत सोडलेली एक युरोपीय परोपजीवी माशी तेथील देशी रेशीमपतंगांच्या मुळावर आल्याचे सुमारे शतकाने प्रयोगांतून दिसून आले. ती माशी पाहुण्यासाठी आणली होती, पण तिने घरच्यांनाही सोडले नाही. चीनने निवडलेली वाट तुलनेने सावध होती. तेथे जाळेकरी अळी १९७९ मध्ये लिआओनिंग प्रांतात आढळली, आणि यांग झोंगची यांनी चीनमध्येच सापडलेल्या एका अतिसूक्ष्म गांधीलमाशीचे १९८९ मध्ये शास्त्रीय वर्णन केले. ही माशी अळीच्या कोषावस्थेत अंडी घालते आणि तिची पिल्ले आतूनच तो कोष पोखरतात. तिची पैदास ओकवरील टसर रेशीमकिड्याच्या कोषांवर केली जाते. हा किडा विदर्भात ऐन आणि अर्जुनावर वाढवल्या जाणाऱ्या कोसा-रेशमाच्या किड्याचा जवळचा नातलग आहे. त्या कोषांतून सूत न काढता माशा काढायच्या आणि ते कोष झाडांना टांगायचे, अशी ही पद्धत.

अमेरिकेत मात्र गाडी पुन्हा एकदा जुन्या वळणावर गेली. १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला, जो मेपलच्या खोडात शिरून झाड मारतो, आणि त्याला रोखण्यासाठी शहरांतील झाडांना इमिडाक्लोप्रिड हे झाडात भिनणारे कीटकनाशक देण्यात आले. या मोहिमेत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एल्म वृक्षांवर कोळ्यांचा उद्रेक झाल्याचे अभ्यासकांनी पुढे नोंदवले. डीडीटीच्या काळात जे घडले होते त्याचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल.

जाळेकरी अळीच्या मायभूमीत तिचा मुख्य हल्ला उन्हाळ्याच्या अखेरीस होतो, म्हणजे पानाने वर्षाचे अन्न बहुतांशी तयार करून झालेले असते. त्यामुळे निरोगी, मोठे मेपल तिच्याने सहसा मरत नाही, आणि फांदीची जाळे धरलेली टोके कापून टाकणे, किंवा जाळे काठीने फाडून आतले सुरवंट पक्ष्यांसाठी उघडे करणे, एवढ्याने बहुधा भागते. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक मराठी घरांच्या अंगणात लाल पानांचे जपानी मेपल उभे आहे. त्याच्यावर भर उन्हाळ्यात तलम जाळी आणि फिकट ठिपके दिसू लागले, तर औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पानांखाली पांढरा कागद धरून फांदी झटकून पाहावी: कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळीकीड आहे, आणि सुरवंटाचे बीटी तिच्यावर चालत नाही, पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा.